मावशी, मी कुठं बसू?

सुरुवातीलाच माफी मागते. माझं शुद्धलेखन धड नाही आणि अक्षर कोंबडीनं माती उकरल्यासारखं आहे. चौथी झाली आणि शाळा सुटली. वडलांची मेंढरं जिकडं चारा असेल तिकडं जायची आणि मेंढरांमागं आम्ही. ऱ्हस्व कुठं द्यायचं आणि दीर्घ कुठं, हे तेव्हा कळलं नाही, आता चाळिशीला आल्यावर काय कळणार? ही माझ्या मुलीची, रेणुकाची, दहावीची भूगोलाची वही. मागची वीसेक पानं कोरी राहिली होती, ती रद्दीत जाण्यापेक्षा मी घेतली. कुणाला दाखवायचं नाही. कुणाच्या हाती लागलीच तर चूक दिसेल तिथं मनातल्या मनात सुधारून घ्यावी.

लिहायला बसले ते वासामुळं. आज शाळेतली भांडी घासून घरी येत होते. कॅनॉलच्या वळणावर मोसंबीच्या फुलांचा वास आला. माघ लागला की आमच्याकडं तीर्थपुरीच्या रस्त्यापर्यंत हा वास सुटतो. नवीन माणूस थांबून छाती भरून घेतो. मी मात्र पदर नाकाशी धरून पुढं निघते. हा वास आला म्हणजे दहावीची परीक्षा आली. पोरी पुस्तक छातीशी धरून गच्चीवर येरझाऱ्या घालायला लागतात, लिंबाची पानं गळून अंगणभर होतात, आणि मला दोन वर्षांपूर्वीचा तो हंगाम आठवतो.

मोसंबीची एक रीत आहे. थंडीत झाडांचं पाणी तोडतात. पानं मान टाकतात, झाड वाळून चाललं असं वाटतं. मग एक दिवस पाणी सोडतात आणि झाड अंगभर फुलतं. ऋतुजाचे वडील एकदा मला बागेच्या बांधावर म्हणाले होते, "झाडाला भेव दाखवावं लागतं बाई. त्याबिगर बहर धरत न्हाई." हसून म्हणाले होते. मीही पदर तोंडाला लावून हसले. त्या वर्षी मात्र मला ते बोलणं सारखं आठवत राहिलं. वाटायचं, कुणीतरी आमचंही पाणी तोडून वाट बघत बसलंय.

मी शाळेत खिचडी करते. शाळा पाचवी ते दहावी, खिचडी आठवीपर्यंतच्या पोरांना. चार गावांची पोरं येतात. मराठ्यांची, आमची धनगरांची, वंजाऱ्यांची, भीमनगरातली, तांड्यावरची, मशिदीमागच्या गल्लीतली. मला चारचौघांत बोलता येत नाही. सरांनी हाक मारली तरी मी दाराआडूनच 'हूं' म्हणते. पण वाढायला बोलावं लागत नाही. मान खाली घालायची आणि पळी चालवायची. त्यामुळं पोरांचे चेहरे मी कमी बघितले, हात जास्त. कापूस वेचून बोटं ओरखडलेली कुणाची, ईदची मेंदी नखांवर उरलेली कुणाची, मनगटात काळा दोरा कुणाचा, सगळं मला पाठ. हात बघून सांगेन, हे लेकरू कोणत्या घरचं.

हे पाठ असणं चांगलं आहे, असं मला तेव्हा वाटायचं.

रेणुका आणि ऋतुजा पाचवीत एका बाकावर बसल्या आणि दहावीपर्यंत उठल्या नाहीत. ऋतुजाचं घर मराठ्यांचं, बारा एकर मोसंबी, पक्की गच्ची. आमचं घर वस्तीवरचं, दोन खोल्या, सासूबाईंची आठ मेंढरं. रेणुकाचे वडील जालन्याला सळईच्या कारखान्यात, सुट्टी मिळाली की यायचे. पण पोरींना यातलं काही दिसत नसे. एकीच्या वेणीत दुसरीची रिबीन. कंपासपेटी एकच, तिच्यात पट्टी एकीची, कर्कटक दुसरीचं. ऋतुजाला माझी तिळाची चटणी आवडायची. वस्तीवर आली की चुलीपुढंच बसायची. "काकू, रेणुकाला नका देऊ, तिला रोज भेटती," म्हणायची आणि रेणुका तिला कोपरानं ढकलायची.

दोन्ही घरांत दोन डबे फिरत होते. एक त्यांचा, स्टीलचा, झाकणावर 'सौ. उषा' कोरलेलं. एक आमचा, झाकणाला पोचा पडलेला. आमच्या डब्यात चटणी जायची, परत येताना त्यात धपाटे. त्यांच्या डब्यात मोसंबी यायची, परत जाताना त्यात हुलग्याचं पीठ नाहीतर हरभऱ्याची भाजी. रिकामं भांडं परत करायचं नाही, ही रीत काही आम्ही काढलेली नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामं द्यायचं नाही.

दिवाळीनंतर दहावीचे फॉर्म भरायचे होते. माझं मानधन तीन महिने आलं नव्हतं. मी कुणाला बोलले नाही. ऋतुजानं घरी सांगितलं असेल. उषाताई, म्हणजे ऋतुजाची आई, स्वतः शाळेत आल्या आणि रेणुकाची फी भरून गेल्या. वर गाईडांचे पैसे रेणुकाच्या हातात दिले. मी धावत त्यांच्या ओट्यावर गेले, तर म्हणाल्या, "बस गं आधी. चहा घे. मानधन आल्यावर दे की, पळून चाललीस का कुठं?" मी ओट्यावर बसले. कपबशीतला चहा होता. त्या माझ्याशेजारी बसून शेंगा सोलत होत्या. त्या ओट्यावर मी शेवटचं बसले ते तेव्हा.

त्याच थंडीत गावाचा आवाज बदलला. आरक्षणावरून इकडं सभा होत होत्या, तिकडं सभा होत होत्या. जीपा भरून माणसं जायची, रात्रीची परत यायची. मोटरसायकलींच्या हँडलला रुमाल आले, काहींना भगवे, काहींना पिवळे. मोठ्यांचं मोठ्यांपाशी राहिलं असतं तर मला एवढं वाटलं नसतं. पण कपाळं बदलायला लागली. आमची पोरं आधी रविवारी, जेजुरीच्या देवाचा वार म्हणून, भंडारा लावायची. आता रोज लावून यायला लागली, तेही एवढा, की खिचडीच्या ताटात पिवळं पडायचं. त्यांच्या पोरांची कपाळं केशरी. एक दिवस पाचवीतलं आमच्या भावकीतलं लेकरू ताट पुढं करून मला हळूच म्हणालं, "मावशी, तो पोरगा आपला हाय का त्यांचा?" ज्या पोराकडं बोट होतं, त्याच्याबरोबर ते आदल्या दिवशी गोट्या खेळलं होतं.

मी म्हटलं, "गप खा."

आणखी काहीतरी म्हणायला पाहिजे होतं.

त्यांच्यातल्या एकाच्या किराणा दुकानात आमच्या लोकांनी जायचं बंद केलं. मग वस्तीवरचं दूध त्यांच्याकडं जायचं बंद झालं. कुणी भांडलं नाही. कुणी कुणाला शिवी दिली नाही. सगळे एकमेकांना बघून बोलणं थांबवायचे, एवढंच. मेंढरं वादळाआधी अशीच गोळा होतात, माना एकमेकांच्या पोटाखाली घालून, आवाज न करता. सासूबाई म्हणाल्या, "पोरी, हे बराबर लक्षण न्हाई."

मार्गशीर्षातली गोष्ट. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पंगत बसली होती. नेहमी एकच लांब पंगत असायची, भिंतीला पाठ लावून, आधी येईल तो आधी. सातवीतली दोन पोरं जागेवरून एकमेकांना लागली. एक म्हणाला, "ही आमची जागा हाय." दुसरा म्हणाला, "तुमच्या बापाची हाय का?" एकानं दुसऱ्याचा रुमाल ओढला आणि दुसऱ्यानं ताट फेकलं. दोघं बाकावर ठेवलेल्या पातेल्यावर आले. पन्नास-साठ पोरांची खिचडी, वरून वाफ निघत होती. मी दोन्ही हातांनी पातेलं धरलं म्हणून ते कलंडलं नाही. माझे तळवे भाजले. दुसऱ्या बाजूला सहावीच्या पोरी बसल्या होत्या, पातेल्याच्या अगदी खाली.

त्या रात्री मला तेच दिसत राहिलं, पातेलं आणि खाली त्या पोरी.

दुसऱ्या दिवशी मला कुणी काही सांगितलं नव्हतं. सरांनी नाही, सरपंचांनी नाही. हाताला चिंधी बांधून मी शेडच्या दारात उभी राहिले आणि एकेका पोराला म्हणाले, "तू इकडं बस. तू तिकडं." तोंडाकडं बघायची गरज नव्हती. हात बघत गेले आणि निवडत गेले. इकडं, तिकडं, इकडं. जोंधळ्यातले खडे निवडावेत एवढ्या जल्दी. मध्ये सतरंजीएवढी जागा मोकळी सोडली. पोरं गुमान बसली. भांडण नाही, ढकलाढकल नाही. मला बरं वाटलं, हे खरं आहे, खोटं लिहिणार नाही.

शेवटी एक पोरगी उरली. मुस्कान, सहावीतली, रिक्षावाल्या रहीमभाईची. दोन्ही हातांनी ताट धरून ती मधल्या मोकळ्या जागेत उभी होती. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मावशी, मी कुठं बसू?"

तिच्यामागं भीमनगरातली दोन पोरं आणि तांड्यावरची एक पोरगी येऊन तशीच उभी राहिली. मी त्यांना चुलीजवळ बसवलं, माझ्यापाशी. म्हटलं, इथं ऊब आहे.

मोठे सर येऊन बघून गेले. म्हणाले, "बरं केलं मावशी. शांतता झाली." आजवर त्यांनी माझं कधी कौतुक केलं नव्हतं.

दहावीचा वर्ग शेडसमोर आहे. खिडकीत रेणुका आणि ऋतुजा उभ्या होत्या. ऋतुजा हसत ओरडली, "काकू, मला कुठं बसवताल?" मी हसले. रेणुका हसली नाही.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "आई, तुला कुणी सांगितलं व्हतं का तसं करायला?"

"न्हाई."

"मंग?"

"पातेलं सांडलं असतं तर? पोरी भाजल्या असत्या."

"त्या दोघांना भायेर काढायचं व्हतं. सगळ्यांना कशाला वायलं केलं?"

मी भाकरी थापत राहिले. ती बरोबर होती, पण मला ते तिच्यासमोर म्हणवलं नाही. चार दिवसांनी थांबवू असं मनात होतं. पण पाचव्या दिवशी पोरं माझी वाट न बघता आपापल्या बाजूला जाऊन बसली. मी दारात नुसती उभी राहिले.

तिथून ते वर्गात गेलं. वर्गातून मोबाईलमध्ये गेलं. दहावीचा सगळ्यांचा मिळून अभ्यासाचा एक ग्रुप होता, त्याचे दोन झाले. रेणुकाच्या चुलतभावानं तिचा फोन घेऊन तिच्या स्टेटसला पिवळा झेंडा लावला. तिला कळलं तेव्हा ऋतुजाचा तो बघून झाला होता. ऋतुजाच्या घरी कुणी काय म्हटलं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ऋतुजाच्या स्टेटसला भगवा होता. सर म्हणाले, बाक बदला. कंपासपेटी रेणुकाकडं राहिली. आतली पट्टी ऋतुजाची.

संक्रांतीला मी तिळगूळ केला आणि आमचा पोचा पडलेला डबा भरून रेणुकाबरोबर पाठवला. दरवर्षी रथसप्तमीच्या आत उषाताईंचं हळदी-कुंकवाचं बोलावणं यायचं. त्या वर्षी आलं नाही. डबा पाच दिवसांनी परत आला, ऋतुजानं शाळेतच रेणुकाच्या हातात दिला. स्वच्छ घासलेला, कोरडा केलेला. मी झाकण उघडलं.

आत काही नव्हतं.

मी बोट फिरवून बघितलं. साखरेचा एखादा कण असेल म्हणून. सासूबाई बघत होत्या. त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला आणि फळीवर पालथा ठेवला.

मग बागांना पाणी सुटलं. आठ-दहा दिवसांत सगळीकडं पांढरं झालं, आणि वास असा आला की रात्री झोपेत जीभ गोड लागायची. परीक्षेचं केंद्र तीर्थपुरीला होतं. पोरींचं पाचवीपासून ठरलं होतं, की दहावीचा पेपर द्यायला ऋतुजाच्या स्कूटीवर जायचं, ती पुढं, ही मागं. पेपरच्या आदल्या सांजेला रेणुका अंगणात फोन हातात धरून बसून होती. न राहवून मी विचारलं. तिनं फोन माझ्यासमोर धरला. मला अक्षर लावायला वेळ लागतो. "मी काकांच्या जीपमधी जाणार हाय. तू तुझं बघ." ऋतुजानं एवढंच लिहिलं होतं. तिनं ते मी वाचून होईपर्यंत धरून ठेवलं, आणि मग पुस्तक उघडलं.

सकाळी आम्ही फाट्यावर उभ्या राहिलो. दुसऱ्याच कुठल्या गावात काहीतरी झालं होतं, म्हणून एसटी बंद होती. खरं काय झालं ते अजून मला कळलं नाही. कुणी म्हणे दगड पडले, कुणी म्हणे नुसती अफवा. रस्ता मोकळा पडला होता. एवढा मोकळा रस्ता मी कधी बघितला नाही. मोसंबीचा वास आणि आम्ही दोघी. रेणुका घड्याळ बघत होती, ओठ हलत होते, कविता म्हणत असेल.

जीप आली. आमच्याजवळ येताना हळू झाली. मागच्या काचेला ऋतुजा होती, आणखी पाच-सहा पोरी होत्या, एक जागा मोकळी दिसत होती. मी हात वर केला. मी, जिनं कधी कुणापुढं हात वर केला नाही. ऋतुजानं आतून काचेवर हात आपटला, मला स्वच्छ दिसलं, ती पुढं वळून काहीतरी बोलत होती. जीप थांबली नाही. हळू झाली होती ती खड्ड्यासाठी.

"आई, हात खाली घे," रेणुका म्हणाली.

नंतर आली ती रहीमभाईची रिक्षा. मागं सिमेंटच्या गोण्या होत्या. त्यांनी आपणहून ब्रेक मारला. "पेपर हाय ना? बैठो, जल्दी बैठो!" गोण्यांवर बसून आम्ही गेलो. केंद्राच्या फाटकाशी मी पदराची गाठ सोडायला लागले, तर म्हणाले, "राहू द्या भाभी. आमची मुस्कान रोज तुमच्या हातचं खाती."

रेणुका पळत आत गेली. मी रिक्षाजवळ उभी होते. मुस्कान चुलीजवळ बसते हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, ते माझी हिंमत झाली नाही विचारायची.

दोघी पास झाल्या. ऋतुजा जालन्याला कॉलेजात गेली, तिथंच होस्टेलला राहते. रेणुका तीर्थपुरीला बारावीत आहे. दुसऱ्या मैत्रिणी आहेत तिला, सगळ्या आमच्यातल्याच. घरी आणते, हसतात, खातात. पण कुणाच्या वेणीत हिची रिबीन मी बघितली नाही.

या सगळ्यात झालं काय, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. आमच्या गावात कुणाचं डोकं फुटलं नाही. कुणाचं घर जळलं नाही. सभा कमी झाल्या, रुमाल उन्हानं फिके झाले. दुकानात आमचे लोक पुन्हा जातात, पिशवी धरतात आणि निघून येतात. लोक म्हणतात, निवळलं. मी मात्र रोज दुपारी दोन पंगती वाढते.

यंदा पाचवीत नवीन लेकरं आली. त्यांना एक पंगत कधी होती हे माहीतच नाही. जून महिन्यात, शाळेच्या दुसऱ्याच आठवड्यात, मी मनाचा हिय्या केला. मधल्या मोकळ्या जागेत सतरंजी घातली आणि दारात उभी राहून म्हणाले, "आज सगळे एका लायनीत बसा रे." दहा वर्षांचं एक पोरगं माझ्याकडं बघून हसलं. म्हणालं, "मावशी, तुम्ही इसरल्या का? आमची लाईन ती हाय." आणि सतरंजी ओलांडून गेलं. त्याच्यामागं दुसरं. तुडवूसुद्धा नये अशी तिच्यावरून पाय उचलून गेली. त्यांना हे कुणी शिकवलं ते मला माहीत आहे. मुस्कान आता आठवीत आहे. ती विचारत नाही. येते, ताट घेते आणि चुलीजवळ बसते.

उषाताईंचे पैसे मी तेव्हापासून देत आले होते, मानधन येईल तसे, शाळेत कुणाच्या हाती, बाजारात गाठ पडली तर हातात. पण शेवटचे दोनशे मी ठेवले. असून ठेवले. दोनशे बाकी आहेत तोवर त्यांच्या ओट्यावर जायला मला एक कारण आहे, असं माझं होतं. आणि त्यांचा कोरलेला डबा, शेवटची मोसंबी घेऊन आलेला, माझ्या फळीवर आहे तोवर त्यांनाही एक आहे. दोन वर्षं त्या आल्या नाहीत, मी गेले नाही. पण कारण होतं.

मागच्या आठवड्यात रेणुका अभ्यास करता करता म्हणाली, "आई, त्यांचे दोनशे राह्यलेत ना अजून? देऊन टाक. परीक्षेला बसायच्या आधी देऊन टाक. मला त्यांचं काही नको." रागानं म्हणाली असती तर मी समजून घेतलं असतं. ती शांतपणे म्हणाली, आणि पान उलटलं.

म्हणून आज, त्या वळणावर वास आला तशीच घरी आले, त्यांचा डबा उतरवला, घासला. त्यात तिळाची चटणी भरली, ऋतुजाला आवडायची तशी, लसूण जास्त. वर झाकणात पैसे ठेवले. रेणुकानं कंपासपेटीतली पट्टी काढून दिली, तीही घेतली.

उषाताई दारात आल्या. बारीक झाल्या आहेत. मला बघून त्यांचा हात आपोआप ओट्याकडं गेला, बस म्हणायला जातो तसा, आणि मध्येच थांबला. मी खालीच उभी राहिले.

"कशाला आणले तुम्ही?" त्या अगदी हळू म्हणाल्या. याआधी त्यांनी मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

"राह्यले होते ताई."

त्यांनी डबा घेतला. झाकण उघडलं. चटणीचा वास त्यांना आला असणार, कारण त्यांनी डोळे मिटले. पट्टी हातात घेऊन उलटीपालटी केली, तिच्यावर शाईनं दोघींची नावं लिहिलेली होती. काहीतरी बोलणार होत्या. माझीही जीभ उचलली होती. मला सांगायचं होतं, की ताई, पहिली रेघ माझ्या हातानं पडली.

तेवढ्यात आतून पुरुषाचा आवाज आला, "कोण हाय गं?"

उषाताईंनी माझ्याकडं बघितलं. डबा पदराखाली घेतला.

"कोणी न्हाई," त्या म्हणाल्या.

मी वळले आणि निघाले. त्यांच्या घरात आता आमचं काही नाही, आमच्या घरात त्यांचं काही नाही. पैसे पूर्ण फिटले.